डोरीनने बटण तळाला नेलं

खोटं बोललात तुम्ही. चॅनलच्या गुळगुळीत टेबलामागे बसून डोरीनला सांगितलंत, "बाई, तुम्हाला काय वाटलं ते कुणाला कळणार नाही." आणि तिचाच चेहरा देशभर दाखवलात.

राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार टीव्हीवर भांडणार होते. मत कुणाला द्यायचं हे न ठरलेली पेन्सिल्व्हेनियातली वीसेक माणसं तुम्ही एका खोलीत बसवलीत, प्रत्येकाच्या हातात एकेक गोल बटण दिलंत. बोलणं पटलं की बटण वर, नाही पटलं की खाली. पडद्यावर रेघ तशी चढणार-उतरणार. पण समजावणारी पोरगी घाईत होती. "मनाला वाटेल ते दाखवा," एवढंच म्हणाली. डोरीन शाळेची बस चालवणारी बाई, तिने ते तसंच धरलं. त्या दोघांतला एक, गव्हर्नर हॅल्स्टेड, युद्धात गेलेल्या एका पोराच्या आईबद्दल बोलायला लागला आणि डोरीनला आपला पोरगा कर्ट आठवला. तोही झेंड्यात गुंडाळून घरी आला होता. मनाला जेवढं दुःख झालं तेवढं खाली, म्हणून तिने बटण पार तळाला नेलं.

कॅमेरा नेमका तिच्यावर होता.

हॅल्स्टेड पेन्सिल्व्हेनियात थोडक्यात हरला, आणि त्या एका राज्यावरच सगळं अडलं होतं, म्हणून देशात हरला. तुमचे टायवाले शहाणे तोच तुकडा दाखवत ओरडले, "निवडणूक इथे फिरली!"

तेव्हापासून डोरीनच्या घरासमोर एक ट्रक उभा राहतो. आत हॅल्स्टेडच्या नावाची टोपी घातलेला माणूस. काही करत नाही, नुसता बघतो. फोन येतात: "शहिदाच्या आईची थट्टा करतेस? तुझी बस कुठून जाते, ठाऊक आहे आम्हाला." बसमध्ये पोरं असतात. डोरीनने घरीच राहायचं ठरवलं. नवरा विन्स पडदे ओढून बसला. ताटातलं ताटातच राहायला लागलं.

शेजारचा रुडी मागच्या दाराने आला.

"अगं, तुझ्या बटणाने काय होतंय! ते भांडण चालू असताना मी सोफ्यावर घोरत होतो. माझं मत माझ्या आजोबानेच ठरवून ठेवलंय."

"मग जा ना, त्या ट्रकवाल्याला सांग."

रुडी चपापला. "मी? ...नको बाई. आलो तसाच मागनं जातो."

"वाघ आहेस," विन्स म्हणाला.

शेवटी डोरीनने तुम्हाला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. तुमच्यातलाच एक जण गोड आवाजात म्हणाला, "खरं सांगू, मॅडम? या वादांनी फारशी मतं फिरत नाहीत. बहुतेकांचं आधीच ठरलेलं असतं."

"मग हेच टीव्हीवर सांगा."

"असं सांगितलं तर पुढचा वाद बघेल कोण, मॅडम?"

बाहेर ट्रकचं दार आपटलं. विन्सने पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"डोरीन, तो उतरलाय. फाटक उघडतोय."

डोरीनने फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"ऐकताय ना? तो पायऱ्यांवर आलाय. त्याचा विश्वास तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही. ठेवू नका फोन. निवडणूक मी फिरवली की नाही? त्याला ऐकू जाईल असं सांगा. बोला!"