गुलाटींची तीन कोटेशनं

दोन हजार एक साली गुडगाव अजून गुडगावच होतं. नव्या सोसायट्या मोहरीच्या शेतांत उभ्या होत्या. त्यांना लिफ्ट होती, रस्ता नव्हता. अशाच एका सोसायटीच्या सहाव्या मजल्यावर श्यामकांत टिपणीस सरकारी खरेदी खात्यातून निवृत्त होऊन, करोल बागेतलं बिऱ्हाड मोडून, मुलाकडे राहायला आले होते. चौतीस वर्षं त्यांनी सरकारसाठी टाचण्यांपासून रोड रोलरपर्यंत सगळं विकत घेतलं होतं. स्वतःसाठी मात्र पत्नी कुमुदिनीबाई आणतील तो शर्ट घालत.

त्यांची नात अबोली अकरावीत होती. दहावीला पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गेलीस तर कॉम्प्युटर, असं आजोबांनी कबूल केलं होतं, आणि ती अठ्ठ्याऐंशीवर गेली होती. आजोबांनी शब्द पाळला. पंचवीस हजार मंजूर केले आणि एक फाइल उघडली. फाइलवर लिहिलं: "प्रयोजन: अभ्यास."

अबोलीचं प्रयोजन वेगळं होतं. येत्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये आठ कॉम्प्युटर तारांनी जोडून नेमबाजीच्या गेमचा सामना होणार होता. भरवणारा रिंकू खुराना. त्याच्याकडे कॅनडाच्या मामानं धाडलेलं मशीन होतं, आणि कॅनडाच्या मामाइतकाच त्याला मशीनचाही गर्व होता. सायबर कॅफेत ताशी वीस रुपये मोजून अबोलीनं त्याला चारदा हरवलं होतं. म्हणून त्यानं नियम काढला: "अपनी मशीन लाओ, तो खेलो. नहीं तो बैठ के स्कोर लिखो." आणि वर म्हणाला, "तेरी हॅण्डरायटिंग अच्छी है, यार."

हे वाक्य अबोलीच्या जिव्हारी लागलं होतं.

तिनं सुट्या भागांची यादी करून आजोबांपुढे ठेवली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, मॉनिटर, कॅबिनेट. सहाव्या नंबरवर, मॉनिटर आणि कॅबिनेटच्या मधे, गर्दीत पाकीटमार उभा राहावा तसं ग्राफिक्स कार्ड उभं होतं.

"हे कशाला?" आजोबांनी विचारलं.

"भूमितीसाठी. आकृत्या नीट दिसतात."

"अच्छा," आजोबा म्हणाले. "भूमिती महत्त्वाची."

आणि त्यांनी चौकशीपत्र टाइप केलं. सात अटी घातल्या. "तीन दुकानांची कोटेशनं आण. बंद पाकिटात. तीनपेक्षा कमी आली तर खरेदी रद्द."

"आजोबा, घरचं सामान आहे हे!"

"म्हणूनच तीन. सरकारी असतं तर पाच मागितली असती."

अबोली मैत्रिणीला घेऊन नेहरू प्लेसला गेली. पहिल्या मजल्यावर ११४ नंबरच्या दुकानात गुलाटी बसत. दुकान एवढं अरुंद की गुलाटी आत असले की गिऱ्हाईक बाहेर. तिच्या पैशांत बसणारं ग्राफिक्स कार्ड फक्त त्यांच्याकडे होतं. आजोबांना तीन कोटेशनं लागतात हे ऐकून ते हसले नाहीत की चिडले नाहीत. त्यांनी नुसता खण उघडला.

"तीन? बेटा, पाँच ले जा. हम तो सरकारी सप्लाय वाले हैं."

खणात निरनिराळ्या नावांची लेटरहेडं होती. गुलाटींनी छोले-कुलचे खाताखाता तीन कोटेशनं लिहिली: एक गुलाटी सिस्टिम्सचं, एक झंकार इन्फोटेकचं, एक त्रिशूल डिजिटल वर्ल्डचं. गुलाटी सिस्टिम्सची बेरीज सर्वांत कमी, पंचवीस हजारांच्या जरा आत. आजोबांच्या चौकशीपत्राखाली तिघांच्या नावानं सह्याही त्यांनीच ठोकल्या.

"पण अंकल, झंकारमध्ये ग्राफिक्स कार्ड एवढं स्वस्त? आणि त्रिशूलचा प्रोसेसर तर वेगळ्याच कंपनीचा आहे, भारीतला, तो तुमच्यापेक्षा कमी?"

गुलाटींनी बोटं पुसली. "सब कुछ महंगा दिखाओगे तो ऑडिटवाला पकड़ेगा. एक-दो चीज़ सस्ती डालो, तब कागज़ असली लगता है. टोटल तो मेरा ही कम है न?"

अबोलीला हे इतकं पटलं की तिनं त्यांना नमस्कार केला.

शुक्रवारी संध्याकाळी आजोबांनी पाकिटं फोडली. समिती म्हणून कुमुदिनीबाईंना बसवलं. त्या मटार सोलत होत्या. त्यांनी मटार सोलतच सह्या केल्या. आजोबांनी तिन्ही कागद दिव्यापुढे धरले, मागूनपुढून पाहिले, हुंगले आणि एक तक्ता आखला. मग प्रत्येक वस्तूपुढे सर्वांत कमी भावाला लाल गोल केला.

अबोली तक्त्यावर वाकली. "आजोबा, टोटल बघायची ना? टोटल गुलाटींची कमी आहे."

"वस्तुनिहाय बघायची. प्रोसेसर त्रिशूल. ग्राफिक्स कार्ड झंकार. बाकी गुलाटी."

"पण तो प्रोसेसर त्या मदरबोर्डमध्ये बसतच नाही! खाचा वेगळ्या असतात."

"बसेल. अट क्रमांक सात. सर्व भाग एकमेकांशी जुळवून देण्याची जबाबदारी पुरवठादाराची."

"अटीनं प्रोसेसर बसतो का?"

"माझ्या नोकरीत अटींवर पूल उभे राहिलेत," आजोबा म्हणाले.

"आणि पडलेतही," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि मटारांची टरफलं आवरून उठल्या.

खरं सांगितलं तर खरेदी रद्द. नाही सांगितलं तर प्रोसेसर एका कंपनीचा, बोर्ड दुसरीचा, आणि रविवारी हातात स्कोअरची वही. अबोली त्या दिवशी जेवली नाही असं म्हणवत नाही, पण मटार उसळ तिनं दुसऱ्यांदा घेतली नाही.

शनिवारी सकाळी आजोबा सफारी सूट घालून, डबा, पाण्याची बाटली आणि फाइल घेऊन निघाले. धौलाकुआँला बस बदलेपर्यंत अबोलीनं तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं.

नेहरू प्लेसला आजोबा आधी लेटरहेडवरच्या पत्त्यावर, ११४-ए वर गेले. झंकार इन्फोटेक. तिथे चहाची टपरी होती. मग ११४-बी, त्रिशूल डिजिटल वर्ल्ड. दारावर "लेडीज़" असं लिहिलं होतं. आजोबांनी दोन्ही गोष्टींची फाइलमध्ये नोंद केली आणि ११४ समोर उभे राहिले.

"आइए अंकल जी! बिटिया ने बताया था."

आजोबांनी तीन खरेदी-आदेश काउंटरवर पत्त्यांसारखे मांडले. गुलाटींनी ते वाचले. त्यांचा चेहरा हळूहळू हातातल्या कुलच्यासारखा होत गेला.

"अंकल जी, यह झंकार वाला रेट… वह तो उनका है."

"हो, म्हणूनच कार्ड त्यांच्याकडून घेतोय. बुलाइए उनको."

"वे तो… शादी में गए हैं."

"आणि त्रिशूलवाले?"

"वे भी. एक ही शादी है."

"काही हरकत नाही," आजोबा स्टूल ओढून दारातच बसले. "मी थांबतो. लग्न किती दिवसांचं आहे?"

आजोबा बसले म्हणजे दुकान बंद झालं. दोन गिऱ्हाइकं आली; आजोबांनी त्यांना फाइल दाखवून झंकार इन्फोटेकचा पत्ता विचारला. तिसरं गिऱ्हाईक लांबूनच वळलं. साडेबाराला आजोबांनी डबा उघडला आणि गुलाटींना मेथीचा पराठा देऊ केला. गुलाटींनी तो घेतला, आणि खाताखाता त्यांना परिस्थितीची पूर्ण जाणीव झाली. झंकार आपलंच आहे म्हणावं तर भाव पाळायला हवा. आपलं नाही म्हणावं तर हा माणूस लग्न आटपेपर्यंत उठत नाही.

"और यह प्रोसेसर मेरे बोर्ड में नहीं लगेगा," त्यांनी शेवटचा तीर मारला.

"अट क्रमांक सात," आजोबांनी चौकशीपत्र पुढे केलं. खाली गुलाटींची सही होती. झंकारची होती. त्रिशूलचीही होती. तिन्ही सह्यांचा शेवटचा फराटा एकाच दिशेला वळलेला होता.

गुलाटींनी त्या तीन फराट्यांकडे पाहिलं. "अंकल जी, आप किस डिपार्टमेंट में थे?"

"खरेदी."

"पहले बोलना था न!" गुलाटी म्हणाले, आणि आतून जुळणारा बोर्ड काढला. त्याच भावात.

उरलेल्या पैशांत यूपीएस घेतला. गुडगावात वीज जावयासारखी होती, न सांगता येई आणि रुसून जाई.

रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन अबोलीनं अखेर विचारलं. "आजोबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पाकीट फोडलं तेव्हाच. तिन्ही कागदांना छोल्यांचा वास होता."

"मग बोलला का नाहीत?"

आजोबांनी चष्मा पुसला. "चौतीस वर्षं हाच वास घेतला, अबोली. वरचा साहेब म्हणायचा, टिपणीस, तीन कागद आहेत ना? मग करा सही. केली." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "एकदा मनात होतं, तिन्ही कागद खरे धरून बघावेत."

रविवारी हॉलमध्ये आठ मशीनं होती. स्कोअर लिहायला कोणीच नव्हतं, म्हणून आजोबा खुर्ची घेऊन बसले; अक्षर त्यांचंही चांगलं होतं. पडद्यावर अबोली भिंतीआड दबा धरून होती. रिंकू कोपऱ्यावरून धावत आला आणि आडवा झाला. मग पुन्हा आला आणि पुन्हा आडवा झाला.

"चीटिंग!" रिंकू ओरडला. "यह कैसे देख लिया इसने?"

"कोन," आजोबा शांतपणे म्हणाले. "भिंतीपासून पंचेचाळीस अंशांचा."

सामना संपल्यावर त्यांनी स्कोअरचा कागद फाइलला लावला आणि वर दाखला लिहिला: "साहित्य मंजूर प्रयोजनासाठी वापरात आले. भूमितीचा सराव समाधानकारक."

मग पेन रिंकूपुढे धरलं. "साक्षीदार म्हणून इथे सही कर, बाळ. तीन प्रतींवर."