आर्ची मास्तरांनी न पाहिलेला सामना

"मास्तर, देव काय मैदानाच्या फाटकाशी हजेरी घेत बसलाय का?" फुटबॉल क्लबचे चिटणीस ह्रुबेश वैतागून म्हणाले.

"ते मला ठाऊक नाही. आईला शब्द दिलाय. रविवारी मैदानाची पायरी चढणार नाही."

ह्रुबेशांनी कपाळावर हात मारला. काय म्हणावं या माणसाला! अख्ख्या प्रागमध्ये सामने रविवारी, आणि यांच्या स्कॉटलंडातल्या गावात रविवार देवाचा, त्या दिवशी चूलसुद्धा दबकत पेटायची. आर्ची मकेचनी मास्तर गेली सहा वर्षं सोमवार ते शनिवार गड्यांचा घाम काढत, चेंडू जमिनीवरून पायापायांतून फिरवायला शिकवत आले होते. सामना मात्र त्यांनी एकही पाहिला नव्हता.

"उद्या अजिंक्यपदाचा सामना. कमिटी म्हणते, आलात तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघू."

"बघा," म्हणून मास्तर घरी आले आणि ट्रंक भरायला बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला! खेळताना गुडघा मोडल्यावर मायदेशात कुत्रं विचारत नव्हतं. या लोकांनी पोटाला दिलं, वर मानही दिला.

रविवार त्यांनी बायबल उघडून काढला. एक ओळ डोक्यात शिरली असेल तर शपथ! मैदानावरचा गलका खिडकीपर्यंत येत होता, पण कोण जिंकतंय ते कळत नव्हतं.

सोमवारी सकाळी ह्रुबेश आले ते मान खाली घालूनच. "जिंकलो, मास्तर. दोन-एक. पण कमिटी ऐकत नाही. तुमची नोकरी गेली."

"पोरं जिंकली ना? मग झालं."

"जरा मैदानावर चला. थांबलीत सगळी."

अकराही जण कालच्याच चिखलाच्या कपड्यांत उभे होते. कप्तान बोहूश सुतारकाम सोडून आला होता.

"बसा, मास्तर," तो म्हणाला. "कालचा सामना बघा."

आणि समोर प्रतिस्पर्धी कुणीही नसताना त्यांनी तो पुन्हा खेळून दाखवला हो! खाल्लेला गोलसुद्धा लपवला नाही. गोलरक्षक बिचारा पुन्हा चुकीच्या बाजूला पडला. "हसू नका रे!" तो चिखलातून ओरडला. मग शेवटचा गोल आला. सहा जणांच्या पायांतून, जमीन न सोडता, चेंडू जाळ्यात गेला.

मास्तरांचे डोळे भरून आले. "देवा, तुझे उपकार," ते पुटपुटले. "आणि पोरांनो, तुमचे तर फिटायचेच नाहीत."

मग रुमालानं नाक पुसून ते उठले. "बोहूश! पास द्यायला उशीर केलास. पुन्हा!"

"चला रे," बोहूश म्हणाला, आणि अकराही जण मुकाट्यानं आपापल्या जागी गेले.