वाट्याचा केक

दोघी जावांना गरोदरपणात साखर झाली होती, आणि बाळंतपणानंतर दोघींची उतरली. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बजावलं होतं, "ही पुन्हा येऊ शकते. साखर, कोलेस्टेरॉल दरवर्षी तपासा. जावेलाही सांगा."

थोरली तेव्हापासून मोजूनमापून खायची, तरी अंगाने सुटतच चालली. धाकटी मात्र केक हाणायची आणि वर शिडशिडीतच. थोरलीचा नुसता जळफळाट व्हायचा. निरोप तिने पोटातच ठेवला. उलट आपल्या वाट्याचा केकही हसून जावेच्या ताटलीत सरकवायची.

सहा वर्षांनी धाकटीचा रिपोर्ट आला. साखर वाढलेली, कोलेस्टेरॉलही.

"ताई, तुम्ही बऱ्या दरवर्षी तपासत होतात," धाकटी म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

थोरली उठली आणि धुतलेली ताटली पुन्हा धुवायला लागली.