दोन हातांची खूण

“अर्धा-अर्धा?” बाबांनी तिसऱ्यांदा विचारलं. उजव्या हाताच्या कडेने डाव्या तळहातावर मधोमध रेघ मारली आणि भुवया उंचावल्या.

“अर्धा नाही हो, बाबा!” लेक हातांनी म्हणाली आणि तोंडानेही ओरडली. ओरडण्याचा काही उपयोग नव्हता. बाबा जन्मापासून बहिरे. पण चिडली की तिचे हात आणि जीभ एकदमच सुटायची.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डावा हात छातीवर : माणूस. उजवा हात डोक्याच्या वर, बोटं आकाशाकडे : देव. दोन्ही खुणा एकाच वेळी धरून ती स्वयंपाकघरात पुतळ्यासारखी उभी राहिली. बाबांनी या हाताकडे पाहिलं, त्या हाताकडे पाहिलं आणि दोन बोटं दाखवली. दोघं जण?

तिने दोन्ही हात एकमेकांत गुंफले. बाबांनी नाक मुरडलं. पाणी घातलेलं दूध, अशी खूण केली.

दोन वाजून गेले होते. चार वाजता पाळकांच्या खोलीत बाबांची परीक्षा होती. परीक्षा म्हणजे काय, बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारतात ते चार प्रश्न. त्यातला शेवटचा : ख्रिस्त कोण? उत्तर ठरलेलं. पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, आणि तरी एकच. ऐकू येणारी माणसं ते पाठ करून धडाधड म्हणत आणि मोकळी होत. बाबांकडे पाठ करायला शब्दच नव्हते, आणि न कळलेली खूण ते मेले तरी करत नसत.

आईही बहिरी होती, पण ती लहानपणापासून चर्चच्या मंडळीतली. दर रविवारी ती पहिल्या बाकावर बसायची, समोर उभी राहून लेक तिला प्रवचन खुणांनी सांगायची आणि बाबा बाहेर कठड्यावर बसून वर्तमानपत्रातली चित्रं बघायचे. “देव ऐकतो म्हणतात. मला तर ऐकू येत नाही. आमचं जमायचं कसं?” हा त्यांचा ठेवणीतला विनोद. आई गेली, त्याला दीड वर्ष झालं. त्यानंतरच्या एका रविवारी बाबा कठड्यापाशी न थांबता सरळ आत गेले आणि आईच्या जागेवर बसले. कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता त्यांना बाप्तिस्मा हवा होता.

“राहू दे,” तिने शेवटी हात झटकले. “कपडे बदला.”

तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. बाबा काहीही म्हणोत, आपण बरोबर उत्तर सांगायचं. कोणाला कळणार होतं? आयुष्यभर तिने दुसरं केलं काय? ती नऊ वर्षांची असताना, बाबा ज्या लाँड्रीत इस्त्री करायचे तिथला मालक त्यांना तोंडाला येईल ते बोलला होता. तिने खुणांनी सांगितलं, “उद्या जरा लवकर या म्हणतात.” बाबांनी त्यावर जी खूण केली ती चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. तिने मालकाला सांगितलं, “बाबा म्हणतात, बरं.” पुढची तीस वर्षं ते दोघे एकमेकांना सज्जन समजत राहिले. डॉक्टर, घरमालक, नातेवाईक, सगळीकडे तेच. आता ती दवाखान्याच्या औषधखिडकीवर बसायची आणि दिवसभर लोकांना “जेवणाआधी एक, जेवणानंतर एक” समजावायची. घरी आली की दोन्ही अंगठे ठणकत आणि कोणालाही काहीही समजावण्याचा वीट आलेला असे.

पाळकांच्या खोलीत पाळक होते आणि मंडळीच्या पंचांतर्फे एक निवृत्त हेडमास्तर. पाळक तरुण, मऊ बोलणारे. हेडमास्तरांसमोर वही उघडलेली. पहिले तीन प्रश्न बरे गेले. मग पाळकांनी विचारलं, “ख्रिस्त कोण, असं त्यांना विचारा, ताई.”

ती दोन हातांची खूण करायचं तिच्या जिवावर आलं. तिने नुसतं विचारलं, “तो कोण?”

बाबांचे हात उठले.

“मित्र मेला होता,” ती सवयीने बोलू लागली. “चार दिवस झाले होते. तो तिथे गेला. रडला.” बाबांची बोटं गालांवरून खाली ओघळली. “मीही रडलो. अगदी असाच. माणूस.”

हेडमास्तरांनी मान वर केली.

“मग त्याने हाक मारली. मेलेल्याला ऐकू येत नाही. मेलेला माझ्यापेक्षा बहिरा. तरी त्याला ती हाक ऐकू गेली. तो उठून बाहेर आला. माणसाची हाक अशी नसते. देव.” बाबांनी एक बोट उभं केलं आणि ते हलू दिलं नाही. “रडला तो. हाक मारली तीही त्यानेच. मध्ये दुसरा कोणी आला नाही. डोळे अजून पुसलेलेसुद्धा नव्हते.”

बायबलातली ही गोष्ट आईला मातीत ठेवताना वाचली होती. ती खुणांनी सांगत होती तेव्हा बाबा खड्ड्याकडे बघत होते. निदान तिला तसं वाटलं होतं. ठरवलेलं उत्तर द्यायचं ती साफ विसरून गेली होती.

“फार छान,” हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढला. “पण ताई, हे त्यांचं की तुमचं?”

“म्हणजे?”

“राग मानू नका. गेल्या रविवारी तुम्हीच म्हणालात, त्यांच्या डोक्यात काही शिरत नाही म्हणून.”

“सर, मी एक अक्षर पदरचं घातलेलं नाही!”

“माझा विश्वास आहे,” पाळक घाईने म्हणाले. “पण वहीत सरांचीही सही लागते. बाबांना लिहिता येतं ना थोडं?”

त्यांनी कागद पुढे केला. बाबा मूकबधिरांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं गेलेले. त्यांनी पेन मुठीत धरून, जीभ दातांत दाबून लिहिलं : देव. माणूस.

हेडमास्तरांनी कागद फिरवून पाहिला. “हे नुसते दोन शब्द झाले. ‘पूर्ण’ नाही. ‘आणि’सुद्धा नाही.”

“आमच्या खुणांत ‘आणि’ नसतो, सर! हात आहेत ते!” तिचा आवाज चढला. “पाठ करून म्हणणाऱ्यांना कधी विचारलंत, हे तुमचं की दुसऱ्याचं?”

पाळक खाली बघू लागले. हेडमास्तर चिडले नाहीत, हेच तिला जास्त लागलं. ते शांतपणे म्हणाले, “सहा महिने वर्गाला बसू देत. तोवर खुणा जाणणारा दुसरा कोणी मिळाला, की पुन्हा बघू.”

“दुसरा कुठून आणू मी?”

हेडमास्तरांनी वही मिटली.

बाहेर येताच बाबांनी तिच्या दंडाला हात लावला. “काय ठरलं?”

तिचे हात सवयीने गोड काहीतरी जुळवायला उठले. मग थांबले. “नाही म्हणाले. सहा महिने थांबा. त्यांना वाटतं ते सगळं मीच बोलले.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. “तू काय सांगितलंस त्यांना?”

“तुम्ही म्हणालात तेच.”

“सगळं?”

“सगळं.”

“माझं, जसंच्या तसं?” बाबांनी डोळे बारीक केले. “पहिल्यांदाच?”

ती उभ्या जागी थिजली. बाबांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि ते बसथांब्याकडे चालू लागले.

बसमध्ये दोघांना शेजारी-शेजारी जागा मिळाली. तिच्या डोक्यात अजून हेडमास्तरांशी भांडण चालूच होतं. आता तिला एकाहून एक चोख उत्तरं सुचत होती. दोन थांबे गेले आणि खांद्यावर वजन आलं. बाबांना झोप लागली होती. मांडीवर त्यांचे हात मात्र हलत होते. बोटं उघडत होती, मिटत होती, मध्येच कोणाचं तरी ऐकल्यासारखी थांबत होती आणि पुन्हा सुरू होत होती. काय बोलत होते, ते तिला सहज वाचता आलं असतं.

तिने मान वळवली आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.