रंगूनची चांदी

छप्पन साली मुरारी रंगूनहून चांदीचं पदक घेऊन आला आणि अख्खी चिखली हुरळून गेली. हुरळले नाहीत ते एकटे त्याचे वडील, सोपानराव. चाळीस वर्षं गावची तालीम सांभाळलेले वस्ताद ते! हरलेल्या पैलवानानं अंगावरची माती झटकून गपचूप घरी जायचं, एवढंच त्यांना ठाऊक. हरूनही बक्षीस आणतो तो नुरा खेळणारा, आधी ठरवून पाठ टेकणारा.

पोराचं लक्षणही धड दिसेना. फौजेतला हेवीवेट बॉक्सर, परदेशात लढून आलेला, आणि तोंडावर साधा ओरखडा नाही! मनगटावर मात्र नवंकोरं घड्याळ. कुणाशी लढलास विचारलं की "होता एक तिथला," म्हणत उठून जायचा.

रविवारी गाव त्याची मिरवणूक काढणार होतं. पोरानं लढत विकली असेल तर त्याला तालमीची पायरी चढू द्यायची नाही, हे सोपानरावांनी मनाशी पक्कं केलं. पण पोटच्या पोराला विचारायचं कसं? त्यांना दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

शनिवारी सकाळी ते त्याला तालमीत घेऊन गेले. "काढ सदरा. मालिश करतो."

"नगं आबा, कशाला उगा," मुरारी मागे सरकला. झालं, सोपानरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी दरडावून त्याला पुढ्यात बसवलं आणि तेलाचा हात पाठीवरून बरगडीकडे नेला. तसा तो धिप्पाड गडी पोरासारखा कळवळला. वस्तादाच्या बोटांना काय ते कळलं. दोन बरगड्या गेल्या होत्या. ठरवून हरणाऱ्याला असा मार कोण देतो?

"कवा झालं ह्ये?"

"पैल्याच फेरीत. ज्यानं मारलं त्योच दवाखान्यात बघाया आला, तवा त्यानंच ह्ये घड्याळ बांधलं."

"मग लपवलंस कशापायी?"

मुरारीनं मान खाली घातली. "आबा, हेवीवेटात आमी दोघंच होतो. तिसरा कुनी आलाच न्हाई. एक लढत झाली, ती हरलो, म्हणून दुसरा. गाव हलगी लावायला निघालंय, कोणत्या तोंडानं सांगू?"

"म्हंजी, खरा हरलास?"

"खरा हरलो."

सोपानरावांना एकदम रडू आलं. आपण पोरावर नको तो संशय घेतला याची लाज वाटली आणि जीवही भांड्यात पडला. तेलकट हातच ते त्याच्या डोक्यावरून फिरवत राहिले.

रविवारी मिरवणूक तालमीपाशी आली तेव्हा त्यांनी हात वर करून हलगी थांबवली. आपला फेटा उतरवून मुरारीच्या डोक्यावर ठेवला.

"ऐका रं! माझं पोरगं दोघांत दुसरं आलंय. पर बरगड्या मोडस्तवर लढून आलंय. आता वाजवा!"