बंद पाण्यातली दोरी

मी पाण्यावर तरंगणारा एक जुना बोया आहे. नारिंगी म्हणण्यापुरता. रंग ऊन खाऊन कधीच उडाला आणि डोक्यावर समुद्रपक्ष्यांनी आपली कायमची रंगरंगोटी करून ठेवली आहे. आज मी येनमोर बेटाच्या किनाऱ्यावर, नीरफणसाच्या बुंध्याला टेकून बसलो आहे. मित्रांनो, माझा जन्म काही वाळूवर बसण्यासाठी झाला नव्हता.

तरुणपणी मी मोत्यांच्या शेतावर शिंपल्यांच्या जाळ्या तोलून धरत असे. एका वादळात सुटलो आणि वाहत वाहत या बेटाला लागलो. तिथे मला नफ्ताली सापडला. तो म्हणे, मीच त्याला सापडलो, पण ते जाऊ द्या.

नफ्ताली आणि त्याची बायको दोर्सिला यांनी पाण्यात खांब रोवून झावळ्यांनी शाकारलेल्या काही खोल्या बांधल्या होत्या. समुद्रात बुडी मारून प्रवाळ पाहायला येणारे पाहुणे तिथे उतरत. त्यांच्या बोटी नांगर टाकत आणि दर नांगराबरोबर आजोबांच्या वयाचं प्रवाळ मोडून पडे. नफ्तालीला ते बघवेना. त्याने तळाच्या रेतीत सिमेंटचा मोठा ठोकळा बुडवला, ठोकळ्याच्या कडीला जाड दोरी बांधली आणि दोरीच्या वरच्या टोकाला मला. तेव्हापासून लोक बोटी मला बांधू लागले आणि नांगर बोटीतच राहिले.

ते दिवस फार चांगले होते. जावाहून सेकार नावाची एक मुलगी प्रवाळाचा अभ्यास करायला आली. दोर्सिलाने तिला एक खोली कायमची देऊन टाकली. सेकारने मोडक्या जागी लोखंडी चौकटी ठेवल्या आणि त्यांवर प्रवाळाचे जिवंत तुकडे बांधले. पाहुणे तिला मासे मोजू लागत. हळूहळू ते तुकडे फांद्या फोडू लागले. सगळे येऊन माझ्या पाठीवर थाप मारत, आणि मलाही वाटे की हे सारं माझ्याच जिवावर चाललं आहे.

खरं तर ते नफ्तालीच्या अंगठ्यावर चाललं होतं. दर महिन्याला तो श्वास रोखून दोरीच्या कडेने खाली जाई. दोरीवरचे शिंपले खरवडी, कडीपाशी अंगठा फिरवून झीज बघे. तो वर आला की होडीतून दोर्सिला विचारी, “झाल्या का गप्पा माझ्या सवतीशी?”

“तुझ्यापेक्षा कमी बोलते ती,” तो धापा टाकत म्हणे.

मग नफ्ताली तापाने गेला.

या बेटांवर एक रीत आहे. मानाचा माणूस गेला की त्याच्या नावाने त्याचं पाणी बंद करतात. चर्चमध्ये प्रार्थना होते, प्रवाळाच्या कडेला झावळ्या बांधलेला खांब उभा राहतो, आणि वर्षभर त्या पाण्यात गळ नाही, जाळं नाही, कुणी उतरायचंही नाही. याला सासी म्हणतात. नफ्तालीवर गावाचा इतका जीव होता की पोरंसुद्धा त्या बाजूला पोहायला गेली नाहीत. पाहुणेही थांबले.

मासे वाढले. पण माझ्या दोरीवरचे शिंपलेही वाढले, मी जड झालो, आणि खाली कडीशी दोरी घासत राहिली. मला ते कळत होतं. पण मला सांगता येत नव्हतं.

पाण्यावरून आवाज लांब येतो. एका सकाळी धक्क्यावरची बोलणी मला ऐकू आली.

“आई, दोरी बघायला हवी,” सेकार दोर्सिलाला म्हणत होती. “एकदाच उतरते. कशाला हात लावणार नाही.”

गावचे पुढारी ओबेदबापा तिथेच सुपारी चघळत बसले होते. ते म्हणाले, “बंद म्हणजे बंद, पोरी. तुझ्यासाठी उघडलं तर उद्या माझाच मेहुणा जाळं घेऊन उभा राहील. त्याला मी काय सांगू?”

दोर्सिलाने झावळ्यांच्या खांबाकडे पाहिलं. मग म्हणाली, “वर्ष सरू दे. माणूस गेलाय माझा. दोरी कुठे जाते?”

यात कुणाचंही मन वाईट नव्हतं, मित्रांनो. त्याचंच मला जास्त दुःख होतं.

दक्षिणेचा वारा सुटला. बाहेरगावची एक मोठी बोट आसऱ्याला आली. झावळ्यांचा अर्थ तिच्या कप्तानाला ठाऊक नव्हता, पण बोया दिसला की कुणीही विश्वास टाकतो. त्याने बोट मला बांधली. मी जमेल तितका वेळ धरून राहिलो. मग खाली दोरी तुटली, आणि ती बोट मला घेऊन प्रवाळावर गेली. सेकारच्या चौकटी उलथल्या. नफ्तालीने ज्याला कधी वल्हंही लागू दिलं नव्हतं, ते प्रवाळ माझ्या देखत चुरा झालं.

वारा पडल्यावर मला किनाऱ्यावर ओढून आणलं. ओबेदबापांनी दोरीचं टोक हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“हे एका दिवसाचं काम नाही,” ते म्हणाले. “कधीपासून झिजतेय ही.”

सेकार वाळूवर आलेले प्रवाळाचे तुकडे वेचू लागली. तिने बोल लावला असता तर बरं झालं असतं.

दोर्सिला म्हणाली, “बापा, घ्यायचं बंद केलं होतं आपण. बघायचं का बंद केलं?”

त्या रविवारी चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना झाली. खांब तसाच राहिला, पण डागडुजी करणाऱ्या हातांना वाट मिळाली. होडी ओबेदबापांनी स्वतः वल्हवली. ठोकळ्याला नवी दोरी बांधायला दोर्सिला उतरली, श्वास रोखून, नवऱ्यासारखी. वरच्या टोकाला नवा बोया आला. गावाने चौकटी उभ्या केल्या. जे जुनं प्रवाळ मोडलं, ते मात्र आता इथलं कुणीही परत बघणार नाही.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुणाच्या आठवणीसाठी काही जपून, झाकून ठेवलेलं असेल. त्याचा मान राखा. पण अधूनमधून झाकण उघडून हात फिरवा, एवढंच माझं मागणं आहे.

माझी तुटकी दोरी दोर्सिलाने कुणाला कापू दिलेली नाही. दर महिन्याला पाण्यात उतरण्याआधी ती माझ्यापाशी बसते आणि त्या विरलेल्या टोकावरून अंगठा फिरवते. मग उठते, कपड्यांना लागलेली वाळू झटकते.

“बस हं सवती,” ती म्हणते. “धाकटीला बघून येते.”