नागपंचमीचा पहिला झोका

मी नाशिकच्या एका कॉलनीतल्या बागेचा जुना लोखंडी झोका आहे. मित्रांनो, हल्ली माझ्यावर कोणी बसलं की मला धडकी भरते.

सातपूरच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. दोन कड्या, दोन साखळ्या आणि एक फळी, एवढाच माझा संसार. सुरुवातीला माझं काय कौतुक व्हायचं! मुलं माझ्यासाठी भांडायची, उन्हाने तापलेल्या फळीवरही बसायची. पुढे पावसापाण्याने मी गंजलो आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. बागेत कार्यक्रम ठरला, की मात्र मला रंग मिळायचा. वरून पिवळाधमक आणि आतून पोखरलेला, अशी माझी गत होती.

यंदा महिला मंडळाने नागपंचमीचे झोके बागेतच घ्यायचे ठरवले. मंडळाच्या अध्यक्ष संजनाताई. त्यांची दिशा लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला माहेरी आलेली, म्हणून पहिला झोका तिचा.

सकाळी माळी महेश शिडी लावून माझ्या करकरणाऱ्या कडीला तेल द्यायला चढला. तेलाने माझी करकर थांबली. मला बोलायला तेवढीच एक जीभ होती, तीही गेली. तेल देतानाच त्याला दिसलं, की डावीकडची कडी झिजून काडीएवढी उरली आहे. ती कापल्याशिवाय निघणार नव्हती. तो लोखंड कापायची करवत घेऊन आला, तर संजनाताईंनी त्याला अडवलं.

"दादा, आज करवत? आज आम्ही भाजीसुद्धा चिरत नाही. उद्या करा."

महेशच्या घरीही त्या दिवशी विळी बंदच होती. कडी किती झिजली ते न सांगताच तो मान खाली घालून बाजूला झाला. मी मनातल्या मनात ओरडत राहिलो.

दिशा बसली. बायकांनी गाणं धरलं. झोका चढत गेला तशी कडी आतल्या आत सरकू लागली. मला त्या पोरीचं वजन नव्हे, तिचं हसणं सोसवेना.

कॉलनीतल्या सर्वांत वडील आक्काबाई पूजेचं ताट घेऊन डाव्या खांबाशी उभ्या होत्या. माहेर दिंडोरीकडचं, बोलणं अजून तिकडचंच. ताटातल्या पांढऱ्या लाह्यांवर गंजाची तांबूस भुकटी पडली. त्यांनी वर पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि साखळी धरून झोका थांबवला.

"दिशा, उतर खाली. महेश, काढ ती करवत. पाप लागायचं तं मला लागंल."

गाणं थांबलं. संजनाताई काही बोलणार, तोवर दिशा उतरली आणि महेश शिडी चढला. करवत लागते न लागते तोच कडी तुटली आणि साखळी फळीवर आदळली. संजनाताई लेकीकडे धावल्या. दिशाचा हात त्यांनी घट्ट धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नवी कडी आली. सगळ्यांना हायसं वाटलं. मित्रांनो, मला मात्र वाटलं नाही. कारण बदलली ती डावी. उजवी तिच्याच वयाची आहे आणि तिच्यावर अजून तोच पिवळा रंग आहे. तिच्याकडे कोणी शिडी लावलेली नाही.

आता शाळा सुटली आहे. तुम्ही फाटकातून धावत येताना मला दिसताय. थांबा रे बाळांनो, बसण्याआधी कुणाला तरी वर बघायला सांगा.